बदनाम मासा : पिरान्हा

काही प्राण्यांची ओळख त्यांच्या दर्शनाने होते, काहींची त्यांच्या लौकिकाने. पिरान्हा हा दुसऱ्या वर्गातला. दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत राहणारा, वीत-दीड वीत लांबीचा हा मासा प्रत्यक्ष पाहिलेली माणसे थोडी; परंतु त्याच्याविषयी ऐकलेली माणसे जगभर आहेत. पाण्यात रक्ताचा थेंब पडताच शेकडो माशांचा थवा तुटून पडतो आणि धष्टपुष्ट जनावराचा पाहता पाहता सांगाडा उरतो, हे चित्र चित्रपटांनी लोकांच्या मनावर कोरून ठेवले आहे. १९६७ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' या जेम्स बॉन्डच्या चित्रपटातील खलनायकाने पिरान्हांचे कुंडच पाळलेले होते. १९७८ मध्ये 'पिरान्हा' याच नावाचा भयपट आला आणि माशाचे नाव घराघरांत पोहोचले. या चित्रात सत्य किती आणि अतिशयोक्ती किती, हे तपासायचे तर चित्रपटगृहातून बाहेर पडून ॲमेझॉनच्या काठी जावे लागते.

नाव आणि नाते

'पिरान्हा' हा शब्द ब्राझीलमधील मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजांनी उचलला. 'दातांचा मासा' असा त्याचा अर्थ सांगितला जातो. व्हेनेझुएलात याच माशाला 'कारिबे' म्हणतात. ॲमेझॉन, ओरिनोको, पाराग्वे, पाराना आणि साओ फ्रान्सिस्को या नद्यांची खोरी हे त्याचे घर. पिरान्हा ही एकच जात नाही. तीसहून अधिक जातींना हे नाव दिले जाते आणि त्या सर्वांचा स्वभाव व आहार सारखा नाही. जगभर कुप्रसिद्ध झाला तो प्रामुख्याने लाल पोटाचा पिरान्हा. त्याच्या शास्त्रीय नावात योहान नाटरर या ऑस्ट्रियन निसर्गसंशोधकाचे नाव गुंफलेले आहे.

पिरान्हाच्या कुळाचा विस्तार मोठा आहे आणि त्यातील अनेक भाऊबंद फळे, बिया व पाने खाऊन जगतात. 'पाकू' या नावाने ओळखले जाणारे मोठे मासे याच घराण्यातले. पावसाळ्यात जंगल पाण्याखाली गेले, की ते झाडांखाली येऊन पाण्यात पडणारी फळे टिपतात. त्यांपैकी 'तांबाकी' हा मासा काही बिया न फोडता गिळतो आणि कित्येक किलोमीटर दूर नेऊन टाकतो. जंगलातली काही झाडे अशा रीतीने माशांच्या पोटातून प्रवास करून पसरतात. ज्या घराण्याची ख्याती रक्तपिपासू म्हणून झाली, त्याच घराण्यात जंगलाची पेरणी करणारेही आहेत.

कीर्तीचा उगम

पिरान्हाची अपकीर्ती जुनी आहे. अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट हा जर्मन संशोधक १८०० मध्ये ओरिनोको नदीवर होता. तेथील लोकांना स्नानाच्या वेळी या माशाची किती धास्ती वाटते, याची नोंद त्याने केली. परंतु ही भीती जगभर नेण्याचे काम केले ते अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी. १९१२ ची निवडणूक हरल्यानंतर ते १९१३ च्या अखेरीस ब्राझीलमध्ये आले. कर्नल कांदिदो रोंदॉन यांच्यासह त्यांनी तोवर नकाशावर नसलेल्या एका नदीचा शोध घेतला. आज ती नदी रूझवेल्ट यांच्याच नावाने ओळखली जाते. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथात त्यांनी पिरान्हाला जगातील सर्वांत हिंस्र मासा ठरवले. जखमी माणसाला वा जनावराला हे मासे जिवंत फाडून खातात, असे वर्णनही केले. लिहिणारा माजी राष्ट्राध्यक्ष, विषय थरारक आणि वाचक अवघे जग. या ग्रंथानंतर पिरान्हाची वेगळी चौकशी करण्याची गरज फारशी कोणाला भासली नाही.

या प्रवासाशी जोडलेली एक कथा आजही सांगितली जाते. पाहुण्यांना काही विलक्षण दाखवावे, म्हणून स्थानिकांनी नदीचा एक भाग जाळ्यांनी अडवला, त्यात पिरान्हा गोळा केले, त्यांना कित्येक दिवस उपाशी ठेवले आणि मग त्या पाण्यात एक गाय लोटली. पुढे जे झाले, ते सांगायला नको. ही कथा शब्दशः खरी मानली वा न मानली, तरी तिच्यात एक मर्म आहे. कोंडलेला, उपाशी आणि दाटीवाटीत ठेवलेला जीव जसा वागतो, तसा तो मोकळ्या पाण्यात वागत नाही. पिरान्हाविषयीच्या बहुतेक भयकथांत कोंडमारा आणि उपासमार या दोन गोष्टी कोठे ना कोठे आढळतात.

जेवणाचे ताट

मग हा मासा खातो तरी काय? अभ्यासकांनी व्हेनेझुएलाच्या सखल गवताळ प्रदेशातील पिरान्हांच्या पोटातील अन्न तपासले, तेव्हा निष्कर्ष भयपटांपेक्षा कितीतरी वेगळे निघाले. पिल्लू लहान असताना पाण्यातील सूक्ष्म कवचधारी जीव आणि कीटकांच्या अळ्या हे त्याचे अन्न. थोडे मोठे झाले, की ते इतर माशांच्या परांचे लचके तोडू लागते. आणखी वाढल्यावर लहान मासे, माशांचे तुकडे, खवले, कीटक आणि त्याबरोबरच बिया व वनस्पतींचे भागही त्याच्या आहारात येतात. काही जातींच्या पोटात तर ठराविक ऋतूंत बियांचे प्रमाण लक्षणीय आढळते. त्या धारदार दातांनी कठीण बीही कातरली जाते. पाकू गिळलेली बी दूर नेतो, पिरान्हा मात्र ती चावून संपवतो, एवढाच फरक.

यात लक्ष वेधून घेते ती पर व खवले खाण्याची सवय. माशाच्या शेपटीचा वा परांचा लहानसा तुकडा तोडला, तर तो मासा सहसा मरत नाही आणि तोडलेला भाग पुन्हा वाढतो. गळालेल्या खवल्याच्या जागी नवा खवला येतो. म्हणजे व्याज खावे आणि मुद्दल शाबूत ठेवावे, तसा हा व्यवहार आहे. कातोप्रिऑन या नावाचा पिरान्हाचा एक भाऊबंद तर प्रामुख्याने खवल्यांवरच जगतो. इतर माशाच्या अंगावर झडप घालायची, खवले उपटायचे आणि दूर व्हायचे, हा त्याचा शिरस्ता.

ब्राझीलच्या पश्चिमेकडील पांतानाल या विस्तीर्ण पाणथळ प्रदेशात संशोधकांनी पाण्याखाली उतरून पिरान्हांचे निरीक्षण केले आणि त्याचा वृत्तांत १९९० मध्ये प्रसिद्ध केला. पिरान्हांच्या सान्निध्यात त्यांनी तासन्तास घालवले. लाल पोटाचे पिरान्हा लहान गटांनी फिरतात, पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून राहतात आणि पहाटे व सांजवेळी अधिक चपळ होतात, असे त्यांना दिसले. दुसऱ्या काही जाती एकट्याने हिंडतात आणि बेसावध माशाच्या मागून येऊन परांचा लचका तोडतात. भक्ष्य ठरणारे मासेही गाफील नसतात. काही मासे पिरान्हाकडे तोंड करून उभे राहतात, म्हणजे शेपटी त्याच्या आवाक्यात येत नाही. काही जण एकमेकांच्या शेपट्या राखत पाठीला पाठ लावून थांबतात. असा हा रोजचा, सावध आणि बराचसा कंटाळवाणा संसार आहे. त्यात फेसाळलेल्या रक्तरंजित पाण्याचे प्रसंग विरळा.

मेलेले आणि मरणासन्न मासे, पुरात वाहून आलेली जनावरे हेही पिरान्हाच्या आहारात येते. उष्ण प्रदेशातील संथ पाण्यात मृत देह कुजत पडला, तर पाणी लवकर नासते. ते वेळीच संपवून टाकणारा जीव नदीचे आरोग्य राखतो. जमिनीवर जे काम गिधाडे करतात, त्याचा काही वाटा पाण्यात पिरान्हा उचलतो.

थवा कशासाठी?

पिरान्हा थव्याने राहतात ते थव्याने शिकार करता यावी म्हणून, असा समज दीर्घकाळ रूढ होता. या समजाची कसोटी घेतली ती स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या ॲन मॅगुरन आणि ब्राझीलचे एल्देर केइरोझ या अभ्यासकांनी. त्यांचे कार्यक्षेत्र होते ब्राझीलमधील मामिराउआ हे राखीव वनक्षेत्र. सोलिमोइंस आणि जापुरा या नद्यांच्या संगमाजवळ पसरलेल्या या जंगलात पाण्याची पातळी वर्षाकाठी दहा-बारा मीटरनी वरखाली होते. चार महिन्यांपूर्वी जेथे पक्षी बसत, त्या फांद्यांमधून मासे पोहू लागतात.

पिरान्हा थवा करतो तो बचावासाठी, असे या अभ्यासातून दिसून आले. त्याला खाणारे शत्रू पुष्कळ आहेत. गुलाबी नदी-डॉल्फिन, केमन जातीच्या मगरी, पिरारुकू हा अजस्र मासा, महाकाय पाणमांजर आणि पाणकावळे हे सारे पिरान्हावर टपून असतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लाल पोटाच्या पिरान्हांचे दोनाचे आणि आठाचे असे गट केले आणि त्यांच्या श्वसनाचा वेग मोजला. दोघेच असलेल्या माशांचा श्वास अधिक वेगाने चालत होता. आठाच्या गटात तो संथ होता. पाणकावळ्याची प्रतिकृती पाण्यात सोडून त्यांना घाबरवले, तेव्हाही मोठ्या गटातील मासे लवकर शांत झाले. ज्याला जग हल्लेखोरांची टोळी समजत आले, तो वस्तुतः भ्यालेल्यांचा घोळका होता. थव्यातही एक रीत आढळते. प्रजननक्षम वयाचे मोठे मासे मध्यभागी राहतात आणि लहान वयाचे कडेला, जेथे धोका अधिक.

दात आणि आवाज

याचा अर्थ पिरान्हा निरुपद्रवी आहे, असा नव्हे. त्याचे दात त्रिकोणी आणि वस्तऱ्यासारखे धारदार असतात. वरची व खालची रांग एकमेकींत कात्रीसारखी बसते. ॲमेझॉनमधील काही आदिवासी जमाती या दातांचा सुरीसारखा उपयोग करत आल्या आहेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काळ्या पिरान्हाच्या चाव्याचा जोर ३२० न्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारे ३२ किलो वजनाच्या भाराइतका भरला. ज्या माशांचा हा जोर मोजला, त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या तो सुमारे तीसपट होता. जबड्याचे भरभक्कम स्नायू आणि त्यांची तरफेसारखी रचना हे त्याचे कारण.

या दातांची एक गंमत २०१९ मध्ये उजेडात आली. पिरान्हाचे दात एकेक करून पडत नाहीत. जबड्याच्या एका बाजूचे सगळे दात एकदम पडतात आणि खाली तयार असलेली नवी रांग त्यांची जागा घेते. शेजारचे दात एकमेकांत अडकलेले असल्यामुळे ताण सर्वांवर सारखा वाटला जातो आणि म्हणूनच ते एकत्र पडतात. वनस्पती खाणाऱ्या पाकूंमध्येही हीच पद्धत आढळते. तेव्हा पिरान्हाला ही व्यवस्था कठीण बिया-पाने चघळणाऱ्या पूर्वजांकडून वारशाने मिळाली असावी, असे संशोधक मानतात.

पिरान्हाला आवाजही आहे. बेल्जियममधील लिएज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये लाल पोटाच्या पिरान्हाचे तीन वेगवेगळे आवाज नोंदवले. दोन मासे समोरासमोर येऊन एकमेकांना दटावतात, तेव्हा भुंकल्यासारखा आवाज येतो. अन्नावरून झटापट झाली, की ढोलाच्या थापेसारखा. पाठलाग करताना दातावर दात आपटल्याचा. पहिले दोन आवाज हवेच्या पिशवीलगतच्या स्नायूंच्या वेगवान आकुंचनातून निघतात. मासे बहुतांश वेळ गप्प आणि शांतच असत. भांडणाऐवजी दटावणीवर भागत असेल, तर दुखापत टळते, हे पिरान्हालाही उमगलेले दिसते.

माणूस आणि पिरान्हा

पिरान्हा माणसाला चावल्याच्या घटना खऱ्या आहेत. २०१३ च्या नाताळच्या दिवशी अर्जेंटिनातील रोझारिओ शहरात उन्हाच्या तडाख्याने हैराण झालेले लोक पाराना नदीत उतरले आणि सुमारे ७० जणांना पिरान्हाच्या एका भाऊबंदाने चावे घेतले. काहींच्या जखमा गंभीर होत्या. परंतु आग्नेय ब्राझीलमधील अशाच घटनांचा अभ्यास केल्यावर एक महत्त्वाची गोष्ट दिसली. एका माणसाला सहसा एकच चावा बसलेला असे. भक्ष्यावर तुटून पडणारा जीव एका चाव्यावर थांबत नाही. मग हे चावे कशाचे? ते होते अंड्या-पिलांची राखण करणाऱ्या माशांचे. पिरान्हा पाणवनस्पतींच्या आडोशाने अंडी घालतो आणि राखणीवर थांबतो. तेथे कोणाचा पाय पडला, की चावून दूर करतो.

यात माणसाचाही हात आहे. नदीवर बांध घातला, की प्रवाह मंदावतो आणि संथ पाण्यात जलपर्णी फोफावते. महाराष्ट्रातील नद्या-तलावांना ग्रासणारी जलपर्णी ती हीच. तिचे मूळ घर दक्षिण अमेरिका. या वनस्पतींत पिरान्हाला अंडी घालण्यास मोक्याच्या जागा मिळतात आणि त्याच काठावर माणसे जलविहारास येतात. संघर्षाची जागा अशी माणसानेच तयार केलेली असते.

ब्राझीलच्या गुराख्यांनी या माशाची भीती एका वाक्प्रचारात जपून ठेवली आहे. गुरांचा तांडा नदीपार न्यायचा असेल, तर एक म्हातारे वा आजारी जनावर प्रवाहाच्या खालच्या अंगाला पाण्यात सोडायचे आणि पिरान्हा तिकडे गुंतले, की वरच्या अंगाने बाकीचा तांडा पार करायचा, अशी जुनी रीत सांगतात. त्यावरून इतरांच्या बचावासाठी पुढे केलेल्या माणसाला तेथे 'पिरान्हाचा बैल' म्हणतात. मराठीतला 'बळीचा बकरा' तो हाच. दुसरीकडे, ॲमेझॉनच्या काठी पिरान्हा हे लोकांचे नित्याचे अन्न आहे. पिरान्हा माणसाला जितका चावतो, त्याच्या कितीतरी पट माणूस पिरान्हाला खातो.

भारतातही या नावाची भीती अधूनमधून डोके वर काढते. एखाद्या तलावात वा नदीत 'पिरान्हा सापडला' अशी बातमी येते आणि गावात घबराट पसरते. अनेकदा तो असतो पाकू. या शतकाच्या आरंभी बांगलादेशमार्गे तो भारतात आला आणि 'रूपचंद' या नावाने मत्स्यशेतीत रुळला. लहानपणी त्याचे पोट लालसर असते आणि घडण पिरान्हासारखी, म्हणून फसगत होते. दात पाहिले, की उलगडा होतो. पिरान्हाचे दात त्रिकोणी व टोकदार. पाकूचे चौकोनी, थेट माणसाच्या दाढांसारखे. परदेशी मासा स्थानिक पाण्यात सुटणे ही स्वतंत्र चिंतेची बाब आहेच. पण त्यासाठी त्याला नरभक्षक ठरवण्याचे कारण नाही.

याच घराण्यातील आणखी एकाची ओळख अलीकडची. ब्राझीलमधील त्रोम्बेतास नदीच्या खोऱ्यात, खडकांवरून उसळत जाणाऱ्या पाण्यात राहणाऱ्या 'तोमेतेस कामुनानी' या माशाची शास्त्रीय नोंद २०१३ मध्ये झाली. खडकांना चिकटून वाढणाऱ्या पाणवनस्पती हे त्याचे अन्न. वृत्तपत्रांनी त्याला 'शाकाहारी पिरान्हा' हे नाव दिले. वाहत्या नदीतील अशा धावत्या पाण्यावाचून त्याला दुसरे घर नाही. बांध घालून तेथील प्रवाह थोपवला, तर या माशाचे अन्न आणि आसरा दोन्ही जातील.

नदीचे चक्र

पिरान्हाच्या वागण्याची किल्ली अखेर पाण्याच्या चढउतारात आहे. पूर आला, की मासे बुडालेल्या जंगलात पसरतात, अन्न मुबलक मिळते आणि पिरान्हाचा कोणाला उपद्रव होत नाही. पाणी ओसरले, की डबक्यांत अडकलेले मासे दाटीने राहतात, अन्न संपत जाते आणि तेव्हा ते धोकादायक होऊ शकतात. हे चक्र हजारो वर्षे चालत आले; पण आता ते विस्कटू लागले आहे. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ॲमेझॉन खोऱ्यात भीषण अवर्षण पडले. मामिराउआपासून जवळच असलेल्या तेफे सरोवराच्या पाण्याचे तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या वर गेले. शंभराहून अधिक नदी-डॉल्फिन मृत्युमुखी पडले आणि असंख्य मासेही मेले. पिरान्हा ज्याला भिऊन थवा करत होता, तो डॉल्फिन त्याच पाण्यावर मरून तरंगू लागला. ज्या पाण्यात शिकारीही तगत नाही, तेथे थव्याचा उपयोग तो काय?

एखाद्या पेढीची पारख कोणी तिच्या एका तोट्याच्या वर्षावरून करत नाही. त्यासाठी लागोपाठच्या वर्षांचे ताळेबंद पाहावे लागतात. पिरान्हाच्या बाबतीत जगाने नेमके उलटे केले. उपासमारीच्या आणि कोंडमाऱ्याच्या दिवसांवरून त्याचा स्वभाव ठरवला आणि पुराच्या महिन्यांतला त्याचा साधा संसार कोणी पाहिलाच नाही. तो संसार पाहायला माणसे पाण्यात उतरली, तेव्हा त्यांना आढळला एक सावध, भित्रा, मिळेल त्यावर भागवणारा मासा. त्याच्याविषयीची भीती जगाच्या मनातून जायला वेळ लागेल. त्याची नदी मात्र तेवढा वेळ थांबेल, अशी चिन्हे नाहीत.